दादाच्या पोथीचं शेवटचं प्रकरण

आमच्याकडे पोथी मरणावर मिटत नाहीत. वाचता वाचता पोथीतलं कुणी मेलं, तर वाचणाऱ्याचा घसा बसलेला असला तरी त्याने पुढे एखादं बारसं, लग्न किंवा राज्याभिषेक येईपर्यंत वाचत जायचं आणि मगच पोथीला कापड गुंडाळायचं. ही रीत कुणी घालून दिली ते मला ठाऊक नाही. तो माणूस भेटला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

आमचा भाजीचा मळा अमरावतीच्या वेशीबाहेर होता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे वऱ्हाडात माणसं वेडी झाली. शेजाऱ्यांनी वांगी-मिरच्या उपटून कापसाची सरकी टोबली. माझे वडील आधीच वारले होते; मायनं मात्र मळा मोडला नाही. कापूस काही खाता येत नाही, असं ती म्हणायची. माझा नवरा कापसाच्या गाड्या हाकत महिनोन् महिने बाहेर, म्हणून मी माहेरीच राहत होते.

माझा थोरला भाऊ, दादा, अमरावतीच्या सरकारी शाळेत शिकला आणि अकोल्याला मास्तर झाला. आमच्या घराण्यात खुरप्याऐवजी लेखणी धरणारा तो पहिलाच. सुट्टीत आला की मलाही चोरून अक्षरं शिकवायचा. मग त्याला खोकला लागला, थुंकीतून रक्त पडू लागलं, आणि एका उन्हाळ्यात तो बैलगाडीतून घरी आला तो परत गेलाच नाही. वैद्यांनी त्याला कमी बोलायला सांगितलं. बोलणं हाच ज्याचा धंदा, त्याला असं सांगणं सोपं असतं.

त्या वर्षी चातुर्मासात आमच्या आळीला पोथी वाचायला माणूस उरला नव्हता. नेहमीचे पुराणिकबुवा खामगावला कापसाच्या दलालीत शिरले होते. संध्याकाळी बायका-माणसं सवयीने आमच्या अंगणात यायची आणि नुसतीच बसायची. दादाकडे एक छापील पुस्तक होतं, अमेरिकेचं राज्य उभं करणाऱ्या पहिल्या अध्यक्षाचं चरित्र. तो म्हणाला, हे वाचू का? मायला बरंच वाटलं. पोरगा माणसांत बसेल, चार घास जास्त खाईल, एवढंच तिच्या डोक्यात.

मंडळींनी त्या पुस्तकाची पोथीच करून टाकली. पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, वर शेवंतीचं फूल. दादा संकोचून हसला, पण त्याने अडवलं नाही. त्या पुढाऱ्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला राजा म्हणू लागले. राजा नाही, लोकांनी निवडलेला माणूस, असं दादा रोज सांगायचा आणि रोज ते फुकट जायचं. तरुणपणी तो जमिनीची मोजणी करत असे हे वाचल्यावर तर निम्म्या माणसांचं मन विटलं. आमच्याकडे तेव्हा नुकतेच साखळ्या घेऊन सरकारी मोजणीवाले फिरायला लागले होते, आणि मोजणीवाल्यातून काही चांगलं निघेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. पण त्याने इंग्रजांशी लढाई मांडली तशी माणसं पुढे सरकून बसली. त्या प्रकरणांत दादा आवाज उतरवून वाचायचा. सत्तावनच्या बंडाचं साल फार जुनं झालं नव्हतं. आठ वर्षांची लढाई, बर्फात अनवाणी चालणारे शिपाई, आणि शेवटी इंग्रज गलबतं भरून निघून गेले. त्या रात्री माणसं अंगणातून लवकर उठली नाहीत.

ऐकणाऱ्यांत आमच्या मळ्यात निंदायला येणारी एक बाई होती. तिचा नवरा लहानपणापासून एकाच मालकाकडे सालदार. ती सगळ्यांच्या मागे, कुंपणाशी बसायची. त्या पुढाऱ्याची नदीकाठची मोठी शेती वाचून झाली, तेव्हा तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, त्याच्या वावरात निंदण कोण करायचं?

दादाने पान झाकलं नाही. खरं ते सांगितलं, की विकत घेतलेली माणसं करत. त्यांची पोरंही मालकाचीच. आणि आज तिकडे जी लढाई चालली आहे, जिच्यामुळे आपल्या कापसाला मोल आलं आहे, ती अशाच माणसांवरून चालली आहे.

"मंग इंग्रज गेले तं त्या मानसाईले काय भेटलं?" ती म्हणाली.

दादाला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "मावशी, त्याचं उत्तर शेवटच्या प्रकरणात हाय. तुले वाचून दाखवीन."

ती त्यानंतर एकही दिवस चुकली नाही. पावसाची झड असली तरी गोणपाटाची खोळ घेऊन यायची. आणि दादाचा आवाज दिवसेंदिवस बसत गेला. आधी मागच्यांना ऐकू येईना, म्हणून ती पुढे आली. मग पुढच्यांनाही नीट ऐकू येईना.

कार्तिकात पोथीतला तो पुढारी खुर्चीवर बसला. त्याने शपथ घेतली, तोफा झाल्या, लोकांनी रस्त्यात फुलं टाकली. शेजारचे म्हातारबुवा म्हणाले, राज्याभिषेक झाला, पोथी समाप्त. मायने तर पुरणही शिजवून ठेवलं होतं. दादाने मान हलवली. अजून दोन प्रकरणं आहेत, म्हणाला. एकात तो आपखुशीनं खुर्ची सोडून घरी शेतीवर जातो. हे कुणालाच पटलं नाही. मिळालेलं राज्य कोण सोडतो? आणि दुसऱ्यात, दादा म्हणाला, तो मरतो.

मायने विचारलं, कशानं?

माझा भाऊ शिकलेला होता, पण भोळाही तेवढाच. दोन मिनिटं खोटं बोलला असता तर काही बिघडलं नसतं. तो म्हणाला, घशानं. घसा बसला, श्वास कोंडला.

मायने पाटावरचं पुस्तक उचललं, लाल फडक्यात गुंडाळलं आणि आत नेऊन उतरंडीवर ठेवलं. बाहेर येऊन म्हणाली, "घशानं मरनाऱ्याची पोथी माहा पोरगा नाई वाचनार." मग तिने सगळ्यांना पुरणपोळी वाढली. माणसं जेवली. ती बाईही जेवली. जाताना ती दादासमोर क्षणभर उभी राहिली आणि काही न विचारता गेली.

दादाने त्यानंतर कितीदा तरी ते पुस्तक मागितलं. हाताने खूण करायचा, उतरंडीकडे बोट दाखवायचा. माय पेज ढवळत राहायची. मी त्याला म्हटलं, उत्तर मला सांग, मीच त्या मावशीला जाऊन सांगते. त्याने माझा हात धरून थांबवलं. आता त्याचं बोलणं ऐकायला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागायचा. तो म्हणाला, "राज्याभिषेक साऱ्याईनं आयकला. हेही साऱ्याईनं आयकाव." चोरून सांगण्यात त्याला लाज वाटत होती. मला त्याचा राग आला होता, मायचाही आला होता, आणि सगळ्यात जास्त त्या परक्या मेलेल्या पुढाऱ्याचा. आमच्या घरात मरण येऊन बसलं होतं आणि ही दोघं पुस्तकावरून रुसली होती, असं मला तेव्हा वाटायचं.

मार्गशीर्षात दादा गेला. सकाळची वेळ होती, मोटेचा आवाज येत होता. तो एकटक उतरंडीकडे पाहत गेला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्याचे डोळे मिटलेले होते.

सुतकात गरुडपुराण वाचतात. मेल्या माणसाचा पुढचा रस्ता त्यात असतो, आणि ते एकच पुराण असं की जे मरणावर मिटलं तरी कुणी हरकत घेत नाही. पण वाचायला कोण? पुराणिकबुवांना खामगावला निरोप धाडला, तर कापूस भरल्या गाड्या सोडून येणं होत नाही असं उत्तर आलं. माणसं अंगणात आली आणि पुन्हा नुसतीच बसली. ती बाईही आली होती, कापूस वेचायची ओटी पोटाला तशीच बांधलेली.

माय उठली. आतून ते लाल फडकं घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाच," ती म्हणाली. "तुले वाचता येते, मले माईत हाय. आता कायचं भेव?"

मी अडखळत वाचलं. दादासारखं मला येत नव्हतं, जोडाक्षराशी थांबायची. त्याने आपखुशीनं खुर्ची सोडली, ते वाचलं. थंडी-पावसात तो घोड्यावरून शेत पाहून आला, ते वाचलं. घसा धरला, वैद्यांनी रक्त काढलं, श्वास पुरेना. तिथे मायने मला थांबवून विचारलं, त्याची माय होती का तेव्हा? मी सांगितलं, नाही, ती त्याच्या आधीच वारली होती.

"बरं झालं तिचं," माय म्हणाली.

मग ते आलं. मरणाआधी त्याने लिहून ठेवलं होतं की माझी विकत घेतलेली माणसं मोकळी करावी. पण लगेच नाही, माझी बायको वारल्यावर. मी ते दोनदा वाचलं.

त्या बाईने पोटाची ओटी सोडून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मेल्यावर काहून? जित्तेपनी सोडाले काय झालं होतं त्याले?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. दादाकडे असतं की नाही, कोण जाणे. मायच बोलली, खाली बघत.

"जित्तेपनी भेव वाट्टे, बाई. म्याही पोराले वाचू देलं नाई."

त्या बाईने तिची समजूत घातली नाही. तसं काही नसतं, तुझा काय दोष, असलं एक अक्षर तिने काढलं नाही. "द्याले पायजे होतं," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवसाची वेचणी बुडवून दिवस मावळेपर्यंत मायजवळ बसून राहिली.