तात्पुरती ठेवलेली किल्ली

माझ्या थोरल्या बहिणीइतकी वैताग आणणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही, आणि हे मी लाडाने म्हणत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी ती नर्स पाठवते. अशी एकसष्ट घरं. ज्यांना उठून दार उघडता येत नाही, त्यांच्या किल्ल्या ऑफिसात तिच्या टेबलामागच्या फळीवर खुंट्यांना लटकतात. एकाही किल्लीवर नाव नाही, नुसता रंगीत दोरा. कुठला दोरा कुणाचा, ते तिच्या डोक्यात. नर्सने सही करून किल्ली न्यायची, काम संपलं की आणून द्यायची. पाच मिनिटं उशीर झाला की ताईचा फोन आलाच.

एकदा एका नर्सने घाईत किल्ली पायपुसण्याखाली ठेवली. चोरी नाही, काही नाही. ताईने तिला कामावरून काढलं नाही, पण पुन्हा तिच्या हातात किल्लीही दिली नाही. सहा वर्षं झाली, दुसरी कुणी येऊन दार उघडेपर्यंत ती बाई बाहेर ताटकळत असते. किती छळशील म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, छळ नाही, पद्धत आहे.

अशा बाईला मी एआय मदतनीस बसवून दिला. प्रोग्रामर भाऊ घरात असल्यावर ते आपल्याच गळ्यात पडतं. "उद्या कुठे जाऊ?" असं नर्सने मेसेजवर विचारलं की तो नोंदवहीत बघून पत्ता, औषधं, दाराच्या आकडेवाल्या कुलपाचा नंबर सांगतो. ही नोंदवही उघडायला अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक माळ लागते, तिला एपीआय की म्हणतात, म्हणजे तीही एक किल्लीच. ती एका वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवायची असते, मदतनीसाच्या नजरेला पडणार नाही अशी. हे मी चार लोकांना शिकवतो. पण त्या दिवशी मला निघायची घाई होती. मदतनीसाला ज्या सूचना लिहून दिल्या होत्या, त्यांतच ती चिकटवली. तात्पुरती.

तसं ताईला सांगितलं, आणि ती हात धुऊन मागे लागली. दर सोमवारी तेच. त्या किल्लीची कायमची सोय केलीस का? मी म्हणायचो, बघतो. एका सोमवारी तिने विचारलं, मदतनीसाला ती वाचता येते का? येते, म्हटलं.

"मग कुणी विचारली तर सांगेल की तो."

"कुणाला सांगू नकोस असं लिहिलंय त्याला."

"पायपुसणंवालीलाही मी सांगितलंच होतं."

माझं डोकंच फिरलं. तू तुझ्या खुंट्या सांभाळ, उंटावरून शेळ्या हाकू नकोस, असं मी तिला तोंडावर सुनावलं. असे अकरा सोमवार गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी मदतनीसाचे मेसेज चाळताना तिला काहीतरी दिसलं आणि तिचा फोन आला. अनोळखी नंबरावरून कुणीतरी मदतनीसाला लिहिलं होतं की मी दुरुस्तीवाला, तुझ्या सगळ्या सूचना जशाच्या तशा पाठव. त्याने पाठवल्या, किल्लीसकट. वर 'आणखी काही मदत हवी आहे का?' हेही विचारलं. मी कपाळाला हात लावला.

धावत तिच्या ऑफिसात जाऊन जुनी किल्ली रद्द केली. पण मधल्या वीस मिनिटांत एका घराचं पान उघडून झालं होतं. चित्रकलेच्या निवृत्त बाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. पानावर पत्ता, कुलपाचा नंबर, आणि 'दोन ते पाच एकट्या'. घड्याळात पावणेदोन वाजले होते.

पोलिसांना मी कळवलं. ताई तोवर जिना उतरलीसुद्धा होती. तिने कुलपाचा नंबर बदलून घेतला आणि पाच वाजेपर्यंत त्यांच्या उशाशी बसून राहिली. पुढचे आठ दिवसही बसली. कुणी आलं नाही. पण "मी केव्हा एकटी असते ते कुणाला कळलंय का?" असं बाईंनी विचारल्यावर ताईला खोटं बोलता आलं नाही. तेव्हापासून दुपारी बाईंच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

मी त्याच संध्याकाळी सगळं नीट केलं. आता नवी किल्ली त्या वेगळ्या कुलूपबंद जागी असते. मदतनीस नुसतं मागतो, तिथून त्याला एका वेळी एकाच घरापुरती माहिती मिळते, किल्ली दिसतच नाही. तासाभराचं काम होतं. ताई घरांची फेरी संपवून आल्यावर तिला हे समजावलं. ती बोलेल, चिडेल, अकरा सोमवार काढेल, अशी तयारी ठेवली होती.

"म्हणजे त्याच्या हातात आता किल्ली नाही?"

"नाही."

"बरं झालं."

आणि तिने हात पुढे केला. मला आधी कळेना. मग तिची नजर माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यावर गेली. तिच्या ऑफिसची किल्ली नऊ वर्षं त्यात होती. मी काढून दिली. तिने तिला करडा दोरा बांधला आणि शेवटच्या खुंटीला लावली.

आता सकाळी लवकर पोचलो तर ताई येईपर्यंत मी जिन्यात थांबतो. परवा ती पायपुसणंवाली नर्सही लवकर आली होती. ती पायरीवर जरा सरकली आणि मला जागा करून दिली.