बाबीच्या दिव्यासमोरचं कासव

किनाऱ्यावरून घरी आल्यावर लुगडं कितीही झटका, अंथरुणात वाळू टोचतेच. या कासवांच्या भानगडीतले किस्से माझ्या अंगाला तसेच चिकटलेत. एक सांगायला बसावं तर दुसरा टोचतो. आणि गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही, तेव्हा ऐका.

मी भागीरथी. मालवणच्या या पट्टीत सगळे भागीकाकी म्हणतात. शाळा चौथीत सुटली. ब्रश कुणी हातात दिला नाही, मीच घेतला. उभा जन्म होड्यांवर नावं रंगवली. माझ्या अक्षराची होडी लांबून ओळखू येते, असं लोक म्हणतात. लोक म्हणायला विसरले तर मी म्हणते!

यंदा जेटीपासून आमच्या किनाऱ्यापर्यंत फायबरची मोठाली कासवं मांडायची ठरली. समुद्री कासवं जपा, त्यांची अंडी जपा, हे लोकांना कळावं म्हणून. हातात नकाशा घ्यायचा आणि एकेक कासव बघत चालत यायचं. त्याला 'आर्ट ट्रेल' म्हणतात. प्रत्येक कासव वेगळ्या माणसाने रंगवायचं. शेवटचं माझं. बाबीच्या हॉटेलासमोर, वाळूत.

माझं दुखणं नेमकं तिथेच होतं. बाबीने माडाला एक भलामोठा दिवा बांधलाय, दर्याकडे तोंड करून, रात्रंदिवस पेटता. मादी अंडी घालायला वर येते ती काळोख बघून. गेल्या हंगामात एका सकाळी मला वाळूत तिचा माग दिसला. पाण्यातून वर आलेला, आणि हॉटेलाच्या अलीकडेच वळून परत पाण्यात गेलेला. मध्ये खड्डा नाही, अंडी नाहीत, काही नाही. पोटात अंडी घेऊन आली तशी परत गेली बिचारी! तेव्हापासून माझ्या पायाला स्वस्थता नाही. हंगाम परत तोंडावर आला होता. तो दिवा विझायलाच हवा होता.

* * *

पहिली मीटिंग. सगळ्याची मुख्य पुण्याची तन्वी. पोर कामाची, पण बोलणं असं की मध्ये दुभाषा लागावा.

"काकी, तुमची कॉन्सेप्ट काय आहे?"

"कासव."

"हो, पण कासवातून तुम्हाला काय म्हणायचंय?"

"माका काय्येक म्हणूचा नाय. जा काय म्हणूचा आसा ता कासवाक!"

मी आपली चिडून बोलले आणि निघून आले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बघते तर माझ्या कासवाशेजारी पाटी! तिच्यावर माझं हेच वाक्य, शुद्ध मराठीत, खाली माझं नाव!

आता लोक कासवाकडे पाठ करून पाटीचे फोटो काढतात. आणि ती पाटी रंगवलेली पण नाही, छापलेली!

* * *

कासवं घडवली मिंगेलने. मिंगेल म्हणजे आमचा फायबरच्या होड्या दुरुस्त करणारा. हात सोन्याचा, तोंड त्याहून मोठं. त्याने प्रत्येक कासवाच्या पोटाला होडीला असतं तसं बूच बसवलं आणि गळ्याखाली दोर बांधायची कडी.

तन्वी म्हणाली, "अंकल, हे कशाला?"

"बाय, मिंगेलच्या हातचा फायबर बुडाक जमाचा नाय! नाव जायत माझा!"

"पण हे पाण्यात कुठे जाणार आहे?"

गेलं! अमावास्येच्या भरतीला जेटीजवळचं कासव सुटलं आणि आरामात तरंगत निघालं. मच्छीमारांनी कडीला दोर बांधून ओढत परत आणलं. मिंगेल काठावर छाती काढून उभा. "बघितलास काकी? बुडला काय? सांग, बुडला काय?"

मी म्हटलं, "मेल्या, बुडण्यासारखा केला असतंस तर ता जाग्यावरना हललाच नसता!"

* * *

बाबीला समजवायला आम्ही किती वेळा गेलो, विचारू नका. तन्वीने लॅपटॉपवर फोटो दाखवले. बाबीने सगळ्यांना सोलकढी पाजली, मान डोलावली आणि म्हणाला, "फोटो बरे काढल्यात." संपलं!

मग मी एकटी गेले. मला सोलकढी नको होती.

"बाबी, हंगामापुरतो तरी दिवो बंद कर रे."

"काकी, दिवो बंद केलंय तर माझा हाटेल कोणाक दिसतला?"

"अरे, कासवाक दिसता तोच तर त्रास आसा!"

बाबी हसला. तो माणूस वाईट नाही, तेच तर वाईट. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. मी तरातरा घरी आले, वाटीभर पांढरा रंग घेतला आणि परत किनाऱ्यावर गेले. माझ्या कासवाच्या निळ्या पाठीवर तो माग काढला. वर आलेला आणि वळून गेलेला. ज्या ठिकाणी वळला तिथे एक पिवळा ठिपका.

बाबी बघायला आला. "ह्यो ठिपको कसलो गो काकी?"

"तुझो दिवो."

"माझो दिवो पण काढलंस?" बाबी खूश! बायकोला हाक मारून दाखवला!

* * *

ट्रेल सुरू झाली आणि वेगळंच लचांड उभं राहिलं. आमच्याकडे देवळात देवासमोर दगडी कासव असतं. त्याला हात लावल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. ती सवय हाताला, तिला नकाशा काय करणार? आली बाई की चपला काढल्या, वाकली, पाठीवर हळदकुंकू!

"अगो, रंग जायत माझो!" मी ओरडायची. बायका मलाही नमस्कार करून जायच्या.

एकदा कसालहून एक म्हातारी आली नातेवाइकांबरोबर. माझ्याच वयाची. चपला काढल्या, कासवाला हात लावून डोळ्यांना लावला आणि मग मान वर करून देव शोधायला लागली. कासव आहे म्हणजे समोर देव असायलाच हवा!

समोर गल्ल्यावर बाबी बसला होता. वर दिवा, गळ्यात साखळी, कपाळाला टिळा.

म्हातारीने डोळे मिटून मनोभावे हात जोडले.

आणि बाबीने आशीर्वादाचा हात वर केला!

* * *

त्या दिवसापासून बाबीच्या डोक्यात शिरलं की कासव पावतं. हॉटेलात नवी खोली बांधली होती. ती सुरू करायची तर कासवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं.

गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवाला मागणं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. लहानपणापासून इतकं अंगात भिनलंय की पुढचा काय म्हणाला ते कुणी ऐकत नाही.

गाव जमला. नारळ मांडला. पण गाऱ्हाणं घालणारे गावकर आलेच नाहीत. ते लेकीला आणायला स्टेशनवर गेलेले, गाडी लेट. उन्हं चढली. बाबीची चुळबुळ, गिऱ्हाइकांची चुळबुळ, आणि माझी तर गेल्या हंगामापासूनची!

मी उठले. "मी घालतंय गाऱ्हाणा."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "बायल माणूस गाऱ्हाणा घालता काय?"

"देवळात नाय घालूक दिणत. ह्या खंय देऊळ? ह्या माझा कासव. मी रंगवलंय!"

बाबीने डोळे मिटले, हात जोडले. तन्वी मोबाईल धरून उभी. मी पदर खोचला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मिंगेल, गळ्यात क्रूस, सगळ्यांच्या आधी!

"आज ह्या बाबीन तुझ्यापुढे नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या हाटेलाक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"इल्या-गेल्या पावण्याक सुखाचो घास गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझी लेक पोटात अंडी घेवन दर्यातसून वर येता, तिका वाटेत काळोख व्हयो म्हणान हो बाबी आजपासून हंगामभर ह्यो मोठो दिवो बंद ठेवतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

सगळ्यांत मोठा आवाज बाबीचा.

मग त्याने डोळे उघडले. कासवाकडे बघितलं. नारळाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. गाव त्याच्याकडे बघत होता.

तेवढ्यात आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ बाबीच्या बायकोचा.

"अवो, ह्या दिव्याचा बटन खंयचा? डावीकडचा की उजवीकडचा?"