बलजीतने केलेली पेज

मंडळी, आज दुपारी बलजीत आमच्या पनवेलच्या घरी जेवायला आला होता.

हा लुधियानाचा, मस्कतला नोकरी करतो. ती सांभाळून तिथल्या इस्पितळांत एकट्या पडलेल्या भारतीयांना बघायला जातो. मागच्या वर्षी आमचे बाबा तिथे कामावर पडले, कंबरेचं हाड मोडलं. आमच्यात कोणाकडेच पासपोर्ट नव्हता. बाबा काही खाईनात, म्हणून बलजीतने आईला फोन केला. आईने मोडक्या हिंदीत पेज कशी करायची ते सांगितलं. मग तो रोज संध्याकाळी डबा घेऊन जायचा.

आता गावी जाताना मुद्दाम वाट वाकडी करून आला. आईने सुरमई तळलेली, पण हा म्हणाला, "आंटी, पहले पेज दो. देखना है, मेरी सही थी क्या."

दोन घोट घेतले आणि थांबला. "अंकल, मैं तो आपको खिचडी खिलाता रहा. आपने बोला क्यों नहीं?"

बाबा म्हणाले, "तू लाया ना. बस झालं."

आईने त्याच्या वाटीत आणखी पेज ओतली.

तुमच्या माणसाजवळ परदेशात असं कोण बसलं होतं? त्याचं नाव खाली लिहा. आमच्याकडून पहिलं नाव बलजीतचं.