बाबांची ऑफिसातली हिंदी

बाबा इकडं हिंदी मुलखात, खमरियाच्या कारखान्यात कारकून होते. हिंदी ते तिथेच शिकले आणि तिथेच ठेवून घरी येत. घरात मराठी, तीही मोजकी. आईशी तर बहुतेक हुंकारावरच भागायचं.

निवृत्तीनंतर एका सकाळी पोहे खाताना त्यांच्या उजव्या हातातून चमचा पडला.

"काहून हो, लक्ष कुठं आहे?" आई म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "क्षमा कीजिए, मैडम."

मला हसू आलं. आईचा चेहरा मात्र उतरला. "गाडी काढ," ती म्हणाली. "हे माफी मागून राहिले."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बोलने में क्या तकलीफ है?"

"हिंदी बोल रहे हैं," आई म्हणाली.

डॉक्टर जरा घुटमळले. तेवढ्यात बाबा त्यांना नमस्कार करायला गेले आणि डावाच हात वर आला. मग सगळी धावपळ झाली. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. वेळेत पोचलो म्हणून ती विरघळवायचं इंजेक्शन देता आलं.

हात हळूहळू हलू लागला. मराठी त्यांना समजायची, पण तोंडातून निघायची हिंदीच. दोन भाषांतली एक कधी कधी मागे राहते, असं डॉक्टर म्हणाले. आणि बाबांची हिंदी सगळी फायलींमधली. घरी आल्यावर त्यांनी चहा मागितला तो असा: "मैडम, चाय की व्यवस्था हो सके तो कृपा होगी."

आई आत जाऊन रडली. पुढं तिला सवय झाली. नंतर तर ती चहा मुद्दाम उशिरा ठेवायला लागली. "लग्न झाल्यापासून या घरात मला 'आप' कोणी म्हटलं?" ती मला म्हणाली. बाबांना मात्र मराठी न सुचणं खुपत असावं. नेमका शब्द शोधत ओठ हलायचे, घाम यायचा, आणि बाहेर पडायचं, "निवेदन है कि..."

मराठी परतली ती दुधीच्या भाजीवर. ताट पुढं येताच ते स्वच्छ म्हणाले, "हे नको." मग थांबून, "रोज काय दुधी?"

आई तिथंच खाली बसली. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

आता रक्त पातळ ठेवायची गोळी रोज असते. मराठी बरीचशी आली आहे. थकले की अजून अडतात. तेव्हा आई त्यांना हिंदीत विचारते आणि उत्तर येईपर्यंत शेजारी बसून राहते.