बापाची कळी

"जिच्यावर बूड टेकत नाही, ती खुर्ची कसली रे? भूत म्हण तिला!"

सुलासिहने हे बांबूच्या तट्ट्याआडून ऐकलं, तेव्हा तिच्या लग्नाला आठच दिवस झाले होते. हातात पॉलिश पेपर, समोर सागाचं बाक. पलीकडे सासरे आणि नवरा. सासरे, म्हणजे कास्मुरी, ज्यांना सगळे म्बाह, आजोबा म्हणत, ते जावातल्या सबंध जेपारात खुर्च्यांसाठी नावाजलेले. त्यांच्या प्रत्येक खुर्चीच्या बुडाला नखाएवढी चमेलीची कळी कोरलेली असे. कळी असली की ती खुर्ची नातवंडांपर्यंत डुगडुगायची नाही.

"बापा, सागाचं मूळच तसं वळलंय, मी काय करू?" वागिमिन म्हणाला.

"सरळ कर! नाहीतर माझी कळी त्याला लावायची नाही. बसता येईल त्यालाच कळी."

वागिमिनने छिन्नी उचलली. दिवसभर खुर्च्या केल्या आणि उरल्या वेळात तोडलेल्या सागांची मुळं घेऊन बसला. मुळावर आधी बोटाने टकटक करी, "कुलोनुवुन" म्हणे, जसं कुणाच्या दारात उभं राहून 'आत येऊ का?' म्हणतात, आणि मग छिन्नी लावी. हे त्याला बापानेच शिकवलेलं.

सुलासिह ते घासायची. "याला पाठ नाही, पोट नाही. सुरुवात कुठून करू?"

"हात जाईल तिथून."

एकेका मुळावर हात आठ-आठ महिने जात राहिला. पुढे कारखान्यांच्या यंत्रांनी खुर्च्यांचं काम खाल्लं, आणि ही मुळं मात्र जकार्ताच्या एक बाई लोकांच्या घरांत शोभेला मांडायची म्हणून विकायला नेऊ लागल्या. एकासारखं दुसरं नाही, हेच त्यांना आवडे. वर चिठ्ठी लावत, 'कृपया बसू नये.' सुलासिहला हसू येई. सासऱ्यांचंच म्हणणं, फक्त छापील!

मग बाईंनी सांगितलं, मोठ्या प्रदर्शनात न्यायचं तर खाली कारागिराची खूण हवीच. खुणेशिवाय यापुढे एकही उचलणार नाही.

"खूण बापाची आहे. त्यांनी दिलेली नाही," वागिमिन म्हणाला. दुसरी खूण करायला तयार होईना.

बाई गेल्यावर सुलासिह करवादली, "अहो, कोरून टाका की गुपचूप. मोतीबिंदूने म्हाताऱ्यांना दिसतंय कुठे आता?"

"दिसत नाही म्हणूनच नाही कोरायची."

 खुर्च्या गेल्या होत्या, आता मुळंही जाणार. ती घासत राहिली.

एका शुक्रवारी नमाजाहून परतताना म्हातारे काठी टेकत टेकत चुकून शेडमध्ये शिरले. गुडघा दुमडला. मागे हात चाचपला, लाकूड लागलं, बसले. बसले ते सगळ्यांत मोठ्या मुळाच्या खळग्यात, आणि डोकं टेकून घोरायला लागले. नवरा-बायको हातातलं काम ठेवून उभी.

जाग आल्यावर म्हणाले, "कुणाची रे ही खुर्ची? पाठीला बरी आहे."

"तीच ती, बापा. भूत."

म्हाताऱ्यांनी अंगठा हळूहळू खालच्या कडेवरून फिरवला. "कुलोनुवुन म्हणालास?"

"म्हणालो."

"मग आण छिन्नी."

मूळ आडवं केलं. त्यांनी स्वतःच चाचपून कळी कोरली. एक पाकळी वाकडी गेली. सुलासिहने सवयीने पॉलिश पेपर उचलला, तर वागिमिनने तिचं मनगट धरलं.

बाईंनी न्यायला येऊन चिठ्ठी लावली, तेव्हा त्याने ती उपटून त्यांच्याच हातात दिली. "बसायचं त्याने बसावं."

पुढच्या प्रत्येक मुळावर त्याने कळी कोरली, आणि एक पाकळी मुद्दाम वाकडी ठेवली. वस्तू कुठल्या कुठल्या देशांत गेल्या, तो मात्र सायकल घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत. दर गुरुवारी टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, करणाऱ्या पाइनेमताईच्या चुलीला ढलप्यांचं पोतं नेऊन द्यायचा.

केस पिकले तरी गुरुवार चुकला नाही. त्याच्या आयुष्यातल्या शेवटच्या गुरुवारी त्याला धाप लागत होती. "उद्या न्या," सुलासिह म्हणाली.

"उद्यापर्यंत तिची चूल काय फुंकरीवर जळणार?"

पोतं सायकलला बांधलं. पाइनेमच्या दारावर बोटाने टकटक केली. "कुलोनुवुन."

"ठेव तिथेच!" आतून आवाज आला. "आणि दोन टेंपे घेऊन जा, वरचं पान गरम आहे, हात भाजून घेऊ नकोस."

त्याने पोतं चुलीजवळ टेकवलं, दोन्ही पुड्या हँडलला अडकवल्या आणि सायकल हाताने ढकलत घरी आला.