फिडलर्स फ्लॅटची पाटकरीण

एटी पॅस्को घराबाहेर पडली की खांद्यावर फावडं असायचंच. रविवारी चर्चला जातानाही ती ते दाराबाहेर भिंतीला टेकवून आत जाई. जर्दाळूच्या बागांना पाणी वाटणारी ती फिडलर्स फ्लॅट गावाची पाटकरीण. आधी तिचा बाप, मग ती. डोंगरातल्या ओढ्यापासून गावापर्यंतचा पाट ती चाळीस वर्षं रोज चालत आली होती. कुठल्या वळणावर पाण्याचा आवाज बदलतो, हे तिला पायांनीच कळायचं.

पाट खणला होता सोनं शोधायला आलेल्यांनी. १८६३ साली नदीच्या वाळूत सोनं सापडलं आणि वर्षभरात ओटागोच्या त्या उजाड दरीत चार हजार माणसं, एकोणीस गुत्ते आणि एक चर्च उभं राहिलं. वाळू धुवायला पाणी हवं, म्हणून त्यांनी डोंगर कोरून ते आणलं. सोनं संपलं, माणसं पांगली, पाणी मात्र वाहत राहिलं. मागे उरलेल्यांनी त्यावर जर्दाळू लावले.

आता खाली धरण पुरं होत आलं होतं. येत्या उन्हाळ्यात गाव, बागा, पाट, सगळं तळ्याखाली जाणार होतं. तेवीस घरांनी वरच्या माळावर एकत्रच राहायचं ठरवलं आणि हिवाळ्यात तिथे रोपंही लावली. पण माळाला पाणी नव्हतं. डोंगरात आणखी उंचावरून जाणारा एक जुना पाट तेवढा होता, एटीच्या आजोबांच्या टोळीने खणलेला आणि सोनं संपल्यापासून कोरडा पडलेला. धरणाच्या कार्यालयाने मुदत दिली होती. तिकडच्या वसंतात, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी बारापर्यंत या पाटाचं पाणी माळावर पोचलं तर जुना पाणीहक्क चालू, नाहीतर रद्द. हक्क गेला की रोपं वाळणार आणि तेवीस घरं तेवीस दिशांना जाणार.

बागवाल्यांनी तीन महिने खपून तो पाट साफ केला. बागेत तण दिसलं तर रात्री झोप न येणारी माणसं ती. त्यांनी तळही असा खरवडला की झाडू मारल्यासारखा दिसावा. सोमवारी एटीने ओढ्याकडचं पाटाचं दार उघडलं. पाणी दोन मैल दिमाखात आलं, खडीच्या उतारावर पोचलं आणि जमिनीत जिरून गेलं. मंगळवारीही तेच.

कार्यालयाचे इंजिनिअर विल्मट काठावर उभे होते. "मिसेस पॅस्को, मी आधीच सांगितलं होतं. ही जमीन म्हणजे चाळणी आहे."

"तुमच्या बुटांना धूळ लागतेय, साहेब," एटी म्हणाली. "गाडीत बसा."

पण बुधवारी सकाळी ती एकटीच त्या उतारावर बसली होती. शेजारी उपसून टाकलेल्या मातीचे ढीग आणि भोवती रानटी ओव्याचा वास. डबा उघडण्याआधी तिने उगाच एक ढेकूळ उचललं. मातीचा चपटा, दगडासारखा कडक तुकडा. तिने तो उन्हात धरला. त्यावर खुराचा ठसा होता, मधोमध दुभंगलेला. शेजारी दुसरा, त्यावर तिसरा.

डबा तसाच ठेवून ती टेकडी उतरली ती थेट टॅम गेडिसच्या कुरणात. टॅम मेंढपाळ, तिच्याच वयाचा. शाळेपासून दोघं भांडत आले होते.

"टॅम, मला तुझी मेंढरं हवीत. चारशे."

"सूप करायचंय?"

"पाट तुडवायचाय. आजोबांनी तळाला चिकणमाती घालून ती मेंढरांकडून तुडवून घेतली होती. हे बघ ठसे. आणि आम्ही शहाण्यांनी ती घाण समजून खरवडून टाकली!"

टॅमने तुकडा उलटसुलट केला. "माझी मेंढरं म्हणजे काय रोलर वाटला तुला?"

"रोलरला सोळाशे पाय असतात का?"

"आणि एखादीचा पाय मोडला तर?"

"तर तिला मी पाठीवर घेऊन चालेन. चल, बाबा, शनिवार आलाय."

गुरुवारी पहाटेपासून बागवाल्यांनी खडीच्या त्या मैलभर भागात काठावरच्या ढिगांतली चिकणमाती परत ओतली. एटीने दार बोटभर उघडलं, माती भिजेल इतकंच. मग टॅमने शीळ घातली आणि त्याच्या दोन कुत्र्यांनी कळप पाटात उतरवला. मेंढरं वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. बें-बें करत, एकमेकींच्या पाठीवर चढत, पोटापर्यंत चिखलाने माखत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तळ चामड्यासारखा गुळगुळीत झाला. टॅमचा आवाज बसला होता. "पुढच्या जन्मी कोंबड्या पाळीन," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

शनिवारी सकाळी एटीने दार पूर्ण उघडलं आणि पाण्याच्या पुढे, त्याच्याच चालीने चालू लागली. खडीच्या उतारावर तिने मागे वळून पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. आवाज अडखळला, बारीक झाला आणि मग पुन्हा भरला. आजोबांना तिने फक्त एका फोटोत पाहिलं होतं. पण हे वळण त्यांनी असं का घेतलं, हे आज तिच्या पायांना कळत होतं.

माळावर तेवीस घरं वाट पाहत उभी होती. आधी फावडं दिसलं, मग एटी आणि तिच्या मागे पाणी आलं, गढूळ, लेंड्या आणि ओव्याच्या काड्या घेऊन. ते पाटाच्या तोंडातून उसळलं आणि विल्मट साहेबांच्या बुटांवरून पुढे गेलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. बूट न झटकताच त्यांनी कागद गाडीच्या टपावर ठेवला आणि सही केली. "माझं मोजमाप चुकलं नव्हतं, मिसेस पॅस्को. मेंढ्या त्यात धरल्या नव्हत्या," ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

एटीने फावडं जमिनीत रोवलं आणि रोज सकाळी विचारायची तसं मोठ्याने विचारलं, "पहिली बारी कुणाची?"

तेवीस घरांनी एकमेकांकडे पाहिलं. टॅमचं तर माळावर एकही झाड नव्हतं. टेकडीच्या कडेने त्याचा चिखलाने काळा झालेला कळप तहानेने ओरडत खाली येत होता.

"ह्यांची," एटी म्हणाली आणि बाजूला झाली.