खालच्या वावरातली लाल दारू

अमडापूरहून खामगावच्या स्टेशनाकडे बैलांची दमणी निघायच्या आधी बाबांनी गळ्यातली तुळशीची माळ पुढे ओढली आणि माझा हात तिच्यावर ठेवला. "तिकडं दारूले शिवायचं नाही. बोल बे, साऱ्याईसमोर बोल." मी बोललो. मजूर पलटणीत कारकून होऊन फ्रान्सच्या लढाईवर निघालो होतो, शपथेचं तेव्हा काहीच वाटलं नाही.

लढाई संपली आणि नशिबाने थट्टा केली. मी फ्रान्सातच राहिलो आणि काम मिळालं ते दारूच्या द्राक्षांच्या मळ्यात! मळा तिकडे नावाजलेला, पण त्याचं खालचं वावर बदनाम. तिथली लाल दारू जीभ आवळते, घसा धरते, असं व्यापारी म्हणत. मालकीणबाईंना आम्ही मादाम म्हणायचो. दोन्ही मुलगे लढाईत गेलेले. एका सकाळी व्यापाऱ्यासमोरच त्या म्हणाल्या, या वेली उपटून टाकू. त्या वावराची राखण माझ्याकडे होती. वेली गेल्या की मीही गेलो.

मग त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. तू सांग, म्हणाल्या. घोट घ्यावा तर शपथ मोडते, न घ्यावा तर भाकर जाते. मी नुसतं नाक पेल्याशी नेलं. जांभळाचा वास, ओल्या काळ्या मातीचा वास, आणि आंबटपणाच्या खाली कुठेतरी दबून बसलेली गोडी. हे मला ओळखीचं होतं. गवतात आंबे पिकायला घातले की बाबा कधी दाबून बघत नसत. त्या आढीत नाक खुपसत आणि आम्ही अधीर झालो की म्हणत, "पिकून राह्यलं. हात नको लावू."

तेच मी मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं. व्यापारी खो खो हसला. न पिणारा माणूस दारू पारखतो! मादाम हसल्या नाहीत. वेली राहिल्या, दारू बाटल्यांत भरून तळघरात गेली, आणि माझ्या जिवाला घोर लागला.

पाचव्या वर्षी पहिली बाटली उघडली तेव्हा तोच व्यापारी दुसरा पेला मागत होता. मी सुट्टीवर गावी निघालो, तर मादामनी एक बाटली बांधून दिली. बापाला दाखव.

माळकऱ्याच्या घरात दारू! ओसरीवर ती ठेवली तशी माय पदर तोंडाला लावून आत गेली. बाबा बाटलीपासून हातभर सरकून बसले.

"तोंडाले लावली काय?"

"नाही जी."

"मंग काऊन आणली बे?"

"वास घेऊन पाहा जी."

मी बूच काढलं. बाटलीला ते शिवले नाहीत, बूच मात्र घेतलं आणि डोळे मिटले. आता अंगणात भिरकावणार, असं मी धरूनच चाललो होतो.

"घाई केली बे तुम्ही," ते म्हणाले. "अजून दोन सालं पाहिजे होती."

परत येऊन मी मादामना तसंच सांगितलं. उरलेल्या बाटल्या दोन वर्षं कुणी हलवल्या नाहीत. मग एक उघडली, मादामनी घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा तोवर गेले होते. शपथ घालणारा नव्हता, विचारणारा नव्हता, आणि माझ्यासमोर पेला भरलेला होता. गावाकडची तुम्ही माणसं पत्रातून विचारता, आता तुझं घर कोणतं? त्या दिवशी मी तो पेला उचलला, नाकाशी नेला, "पिकलं, बाबा" म्हणालो आणि तसाच खाली ठेवला.